पांढरे चिंचोके

आईला विसापर्यंत मोजता यायचं. वीस झाले की ती एक बोट मिटायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. चाळीसला ती "दोन ईसा" म्हणायची. ज्या वर्षी तिने पहिल्यांदा लेंटचे उपास धरले, त्या वर्षी दोन ईसा चिंचोके तिला मी मोजून दिले. मी तेव्हा अकरावीत, म्हणजे जुन्या मॅट्रिकला होते. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत अकरावीपर्यंत पोचलेलं मी पहिलं माणूस. चिंचोके मोजणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

आम्ही नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहायचो. वडील पार्सल ऑफिसात हमाल होते. घरात आम्ही चौघं. वडील, आई, मी आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला माझा भाऊ. वडील जन्माने ख्रिस्ती, पण लेंटबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. आई सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातली, हिंदू घरातली. लग्नाच्या वेळी तिचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी सहा महिने नाशिकहून एक बायबलबाई येऊन तिला प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तोंडपाठ शिकवत असत. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या. या बाई विधवा होत्या, पांढरं लुगडं नेसायच्या आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरून आधी पाणी मागायच्या. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण बाईंनी शिकवलेलं तिने एका शब्दाने कधी चुकवलं नाही.

उपासाची कल्पना मात्र तिने माहेराहून आणली होती. तिची आई नवरात्रात नऊ दिवस उपास करायची. नऊ म्हणजे नऊ. मधे सुट्टी नाही.

माझी परीक्षा मार्चमध्ये होती. तिच्या आधी राखेचा बुधवार आला. प्रभू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्या आठवणीने धरायचे ते हे उपास, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आई घरी आली आणि पदर खोचत म्हणाली, "पोरी, तुझ्या परीक्षेसाठी मी चाळीस धरनार हाय. मला दोन ईसा चिंचोके मोजून दे."

तिने बायबलबाईंना विचारलं असतं. पण बाई त्याच महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे नगरला गेल्या होत्या. चर्चचे पाळकसाहेब तीन ठिकाणच्या मंडळ्या सांभाळायचे. त्यांच्याशी बोलायला आई बिचकायची. मग घरातलं शिकलेलं माणूस म्हणजे मी. मी डब्यातले चिंचोके जमिनीवर पसरले, दहा-दहाचे चार ढीग केले आणि एका पितळी वाटीत भरून दिले.

ती दिवसातून एकदा, दिवेलागणीला जेवायची. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक चिंचोका उचलून शेगडीत टाकायची. निखाऱ्यावर पडला की थोड्या वेळाने तो फट्कन फुटायचा. भाऊ त्या आवाजासाठी सगळे खेळ टाकून येऊन बसायचा. चिंचोका फुटला की टाळी वाजवून म्हणायचा, "ताई, तुझी परीक्षा एक दिवस पास!"

त्याचेही स्वतःचे चार चिंचोके होते. एका अंगाने दारातल्या फरशीवर घासून घासून पांढरे केलेले. पटाच्या खेळात कवड्यांऐवजी आम्ही ते टाकायचो. पांढरी बाजू वर किती पडली तेवढी घरं चालायची. ते चार तो एका काडेपेटीत ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. आईच्या वाटीतले तर आपण मोजून घेऊन ठेवलेले असल्यासारखा तो त्यांच्यावर पहारा करायचा.

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा मिळायचा. आई कप परत करायची. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका बाईने तिला म्हटलं, "अगं, रविवारी कुठला उपास? घे मुकाट." आई हसून नाही म्हणाली. घरी येताना मला म्हणाली, "या शहरातल्या बायकांना उपास झेपत नाय, मग देवाच्या नावानं सवलत काढत्यात." मलाही ते पटलं. आपली आई इतरांपेक्षा कडक आहे याचा मला अभिमान वाटला होता.

परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. सकाळी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन चर्चभोवती फेरी काढली. भावाने झावळीचा क्रूस वळून दाराच्या चौकटीत खोचला. संध्याकाळी आईने फडताळातली वाटी खाली घेतली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"पोरी, एकच राहिला गं."

"मग आज संपले," मी म्हटलं.

"आसं कसं? गुड फ्रायडे तर आजून व्हायचाय. परभूचं मरन व्हायच्या आधीच उपास कसा सुटंल?"

मलाही क्षणभर चुकल्यासारखं वाटलं. पण मी मोजून दिले होते. दहा-दहाचे चार ढीग मला डोळ्यांसमोर दिसत होते. शिवाय परीक्षा संपली होती, आणि चाळीस दिवस घरात गोडधोड झालं नव्हतं.

"शास्त्रात चाळीस लिहिलंय. चाळीस म्हणजे चाळीस. शाळा तू शिकलीस का मी?"

आई हसली. "बरं बाई मास्तरीन," म्हणाली आणि वडिलांना गूळ आणायला धाडलं. तिने पुरण घातलं. शेवटचा चिंचोका भावाने शेगडीत टाकला. तो फुटायला बराच वेळ लागला. मग भावाने तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथीला हात घातला तेव्हा वडील म्हणाले, "आरं, पोटाची पार्सल व्हॅगन झाली का?"

सोमवारी त्याचा घसा दुखायला लागला. मंगळवारी अंग तापलं. बुधवारी गिळता येईना, तेव्हा वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि टांगा करून आम्ही नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. घटसर्प, म्हणाले. त्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं. मी पाहत होते. कुणी बसून नव्हतं. शनिवारी सकाळी तो गेला.

त्याच संध्याकाळी माती दिली. दुसऱ्या दिवशी ईस्टर. आमच्या चर्चची रीत अशी की ईस्टरला पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन गात गात कबरस्तानात जाते आणि पहिली उपासना तिथेच होते. ती मिरवणूक आमच्या गल्लीवरून जायची. गाणं जवळ आलं तसे वडील उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दाराबाहेर गाणं थोडं हळू झालं. बहुधा कुणाला तरी आमची आठवण झाली असावी. मग ते पुढे निघून गेलं.

पाळकसाहेब दुपारी भेटायला आले. आई भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी प्रार्थना केली. आमेन झाल्यावर आई म्हणाली, "साहेब, माझं चुकलं. मी मोजन्यात चुकले. सहा दिस आधीच उपास सोडला मी. त्याच्या मरनाच्या हप्त्यात पुरन घातलं."

पाळकसाहेबांना नीट कळलं नाही. ते म्हणाले, "बाई, देव असा नाही." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मी दारात उभी होते. 'मी मोजन्यात चुकले' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. तेव्हाही नाही, नंतर वर्षभर कुणाकुणाला सांगताना तर नाहीच. आपल्या चुकीत तिने मला कुठेही येऊ दिलं नाही. मी पुढे होऊन खरं सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.

त्यानंतर आईने उपास सोडलाच नाही. उपास आहे असं ती म्हणायचीही नाही. पण दिवसभर तोंडात काही घालायची नाही आणि दिवेलागणीला अर्धी भाकरी पाण्यात कुस्करून घ्यायची. मीठ नाही, तिखट नाही. पावसाळ्यापर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. एकदा नळावर हंडा उचलताना ती चक्कर येऊन पडली.

जूनमध्ये माझा निकाल लागला. सेकंड क्लास. वडिलांनी पेढे आणले. आईने पेढा कपाळाला लावला आणि परत पुड्यात ठेवला. "तुझं झालं ना? मग तेवढ्यापुरता परभूनं उपास घेतला म्हनायचा," ती म्हणाली. त्या पुड्यातला पेढा घरात कुणीच खाल्ला नाही. मी कॉलेजला जाणार नाही असं सांगितलं, तेव्हा मात्र ती भांड्याचा आवाज करत उठली. "गेलं ते गेलं. हे तरी पुरं होऊ दे. न्हाईतर दोन्ही बुडाली म्हनायची." म्हणून मी गेले. आज मी जी काही आहे ती त्या वाक्यामुळे आहे, आणि ते वाक्य ती उपाशीपोटी बोलली होती.

कॉलेजात आम्हाला सामान्य विज्ञानाचा एक विषय होता. मी एकदा तिला समजावायला बसले. म्हटलं, घटसर्पाचे जंतू असतात, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यांना पुरणपोळी कळत नाही आणि गुड फ्रायडे कळत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जंतू कुनी धाडला?"

शेजारच्या खोलीत एक बौद्ध कुटुंब होतं. त्या काकू आईच्या जिवाभावाच्या. भाऊ गेला तेव्हा आठ दिवस आमची चूल त्यांच्या घरी होती. त्या तोंडाच्या फटकळ. एक दिवस वरणाची वाटी घेऊन आल्या आणि आईच्या पुढ्यात बसल्या.

"खा. आमच्या तथागतानं सुदिक आधी उपास करून करून हाडं काढली होती. काय मिळालं? काय बी न्हाय. मग खीर खाल्ली, तवा कुठं डोकं चाललं त्याचं. तू काय त्याच्या वर गेलीस का?"

आई म्हणाली, "त्याचं लेकरू जित्तं होतं घरी."

काकूंनी वाटी तिथेच ठेवली आणि डोळे पुसत गेल्या. वाटी दुसऱ्या दिवशी मी धुऊन परत केली.

भावाची काडेपेटी फडताळात, पितळी वाटीच्या मागे होती. आई तिला हात लावायची नाही आणि मलाही लावू द्यायची नाही. आणखी एक गोष्ट तिने बंद केली होती. ती मला काही मोजायला सांगायची नाही. धुण्याचे कपडेसुद्धा आपले आपण, बोटं मिटत मोजायची. तिने मला दोष दिला असता तर मी भांडले तरी असते. पण ती नुसती मोजायची, आणि वीस झाले की थांबायची.

पुढच्या वर्षीचा राखेचा बुधवार आला. आई चर्चमध्ये आली नाही. त्या वर्षभरात ती आलीच नव्हती. वडील आणि मी राख घेऊन बाहेर पडलो तर फाटकाशी बायबलबाई उभ्या, वर्षभरानं नगरहून परतलेल्या. जाड भिंगांचा चष्मा लागला होता. त्यांनी चेहरा अगदी जवळ आणून मला ओळखलं. भावाचं त्यांना पत्रातून कळलं होतं. आईचं वडिलांनी सांगितलं. उपासाचं, मोजण्यात चुकल्याचं, सगळं, त्यांना जसं ठाऊक होतं तसं. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आज नाही येत. रविवारी येते. रविवारीच यायला हवं."

रविवारी उपासना आटोपून त्या सरळ आमच्या घरी आल्या. नेहमीसारख्या न विचारता शिरल्या, पाणी मागितलं आणि पाटावर बसल्या. आईने त्यांच्या पायाला हात लावला. बाईंनी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. अंगठा आणि तर्जनी यांत ते मनगट आरामात मावत होतं.

"आज मला जेवायला वाढ," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या शेजारी तुझंही पान घे."

"तुमी जेवा बाई. माझा उपास हाय."

"आज रविवार. रविवारी उपास नसतो."

आईचा चेहरा घट्ट झाला. "आसं बायका म्हनत्यात. झेपत नाय म्हनून."

"बायका म्हणत नाहीत, रीत आहे. मी तुला शिकवायला हवी होती, ती राहिली. तेव्हा तुला दहा आज्ञा पाठ होतात का याचीच मला घाई." बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "तू शिकलेली आहेस ना? सांग, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस किती?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बोट ठेवत मोजलं. पुन्हा मोजलं.

"सेहेचाळीस."

"त्यात रविवार किती?"

"सहा."

"ते वगळायचे. रविवार हा प्रभूच्या उठण्याचा, पुन्हा जिवंत होण्याचा दिवस. त्या दिवशी उपास करायचा नसतो, लेंटमध्येसुद्धा नाही. मग राहतात चाळीस."

वडील उंबऱ्यावर बसले होते, ते तसेच. मला चर्चच्या आवारातला चहाचा कप आठवला. 'अगं, रविवारी कुठला उपास?' आणि त्यावर वाटलेला माझा अभिमान. आई बाईंकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेर आलं. "बाई, आई चुकली नव्हती. मोजून मी दिले होते. आई म्हणत होती, गुड फ्रायडे अजून व्हायचाय म्हणून. मीच म्हटलं, शाळा तू शिकलीस का मी."

"गप," आई म्हणाली. जोरात म्हणाली. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "पोरीनं बराबर मोजले होते. दोन ईसा मागितले, दोन ईसा दिले. तिच्यावर काय यायचं नाय."

"कुणावरच काही यायचं नाही," बाई म्हणाल्या. "मला एवढं सांग, मागच्या वर्षी रविवारी तू काय केलंस?"

"उपासच केला."

"सगळे रविवार?"

"सगळे. झावळ्यांचा सुदिक, दिवेलागनीपोत्तर."

"मग तू पुरे चाळीस उपास केलेस. शेवटच्या आठवड्यातले सहा राहिले, पण त्याच्या बदली कुणीही न मागितलेले सहा आधीच देऊन बसली होतीस."

मला वाटलं, आता आई रडेल आणि सगळं मोकळं होईल. तसं झालं नाही. तिने विचारलं, "चाळीस भरले होते?"

"भरले होते."

"मग का नेला?"

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्या प्रश्नाला मिळालेली उत्तरंही ऐकली. बायबलबाईंनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. चष्मा काढला, लुगड्याच्या पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"मला ठाऊक नाही गं. इतकी वर्षं घरोघर वाचत फिरले. माझाही नवरा तिशीत गेला. मला ठाऊक नाही. आज रविवार आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. तुझं दुःख तू सोमवारपासून पुन्हा धर. मी अडवणार नाही. पण प्रभूचे रविवार तू घेऊ नकोस. ते तुझे नाहीत."

आई उठली. मला वाटलं ती आत निघून जाईल. तिने दोन ताटल्या घेतल्या. घरात वांग्याची भाजी होती आणि सकाळच्या भाकरी. बाईंना वाढलं, मग स्वतःच्या ताटलीत अर्धी भाकरी घेतली. बाईंनी आपल्या हाताने तिच्या ताटलीत मीठ वाढलं. आईने पहिला घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. वडील उंबऱ्यावर पाठ करून बसले होते. त्यांची पाठ हलत होती. तिने ती अर्धी संपवली आणि आणखी चतकोर घेतली.

बाई जाताना मला म्हणाल्या, "आणि तू. कपाळावर राख घेतलीस ना बुधवारी? मग चूक झाली म्हणायला लाजायचं कशाला? सगळ्यांच्याच कपाळावर ती असते." एवढंच म्हणून त्या बस धरायला गेल्या.

दिवेलागणीला आईने मला हाक मारली. फडताळातली पितळी वाटी खाली काढली होती.

"ईस्टरपोत्तर किती राहिले ते मोजून दे."

मी हलले नाही. "आई, तू मोज. किंवा बाबांना सांग."

"तुला सांगितलं ना? शाळा तू शिकलीस का मी?"

ती हे हसून म्हणाली नाही, रागानेही नाही. जणू ते माझं कामच होतं आणि ते मी वर्षभर टाळलं होतं. मी चिंचोके पसरले. सोमवारपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत एकेचाळीस दिवस होत होते, त्यात पाच रविवार. मी छत्तीस मोजून वाटीत टाकले आणि पाच बाजूला ठेवले. म्हटलं, हे रविवारचे, मिसळले तर कळायचे नाहीत.

आईने त्या पाचांकडे पाहिलं. मग फडताळात हात घातला, वाटीमागची काडेपेटी काढली आणि उघडली. त्याचे चार चिंचोके तिने तळहातावर घेतले. एका बाजूने पांढरे, अजून त्याच्या घासण्याच्या बारीक रेघा असलेले. ती म्हणाली, "हे रविवारचे."

"चारच आहेत," मी म्हटलं.

"मग एक तू घास."

मी दारातल्या फरशीवर बसून एक चिंचोका घासला. माझ्या हाताला सवय राहिली नव्हती. बोटाची सालटं निघाली. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "या वयात पट खेळायचा बेत हाय का, बाई?" आणि माझ्या मागे आईला वाटी घेऊन उभी पाहून तशाच आत गेल्या.

त्या लेंटमध्ये आईचा उपास चालूच राहिला. सहा दिवस एकवेळची भाकरी, रोज एक चिंचोका शेगडीत. फुटला की आम्ही तिघंही तिकडे बघायचो आणि टाळी कुणी वाजवायचं नाही. रविवारी ती पांढरा चिंचोका वाटीतून काढून पुन्हा काडेपेटीत ठेवायची. तो जाळायचा नव्हता. मग सकाळी आणि संध्याकाळी जेवायची. दोन-तीन रविवार अगदी थोडं. चौथ्या रविवारी तिने स्वतःहून कालवणात तिखट टाकलं. झावळ्यांच्या रविवारी तिने पुरण घातलं नाही. ते तिने पुढेही कधी घातलं नाही. आमच्या घरात पुरणपोळी माझ्या लग्नानंतर माझ्या सासूबाईंच्या हातची झाली, आणि आईने ती घेतली नाही. काही गोष्टी परत येत नाहीत, हे मी लिहून ठेवायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की चाळीस दिवसांत माणूस बरं होतं.

पण शनिवारी संध्याकाळी तिने शेवटचा चिंचोका टाकला, तो फुटला, आणि रिकामी वाटी तिने घासून पालथी घातली. तिच्या उपासाला वर्षभर शेवट नव्हता. त्या संध्याकाळी तो आला.

ईस्टरच्या पहाटे गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा वडील सवयीने दाराकडे गेले. आई त्यांच्या आधी तिथे उभी होती. डोक्यावरून पदर, हातात न पेटवलेली मेणबत्ती. तिने दार उघडलं. पुढे चालणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या. कुणीतरी आपल्या मेणबत्तीने तिची पेटवली, आणि आम्ही चालायला लागलो.

कबरस्तानात भावाच्या मातीवर गवत उगवून वाळलं होतं. आईने ते उपटलं नाही. मेणबत्ती मातीत रोवली, शेजारी बसली आणि पूर्ण उपासनाभर बसूनच राहिली. पाळकसाहेब 'तो उठला आहे' म्हणाले आणि सगळ्यांनी 'तो खरोखर उठला आहे' म्हटलं, तेव्हा तिचे ओठ हलले की नाही, ते मला दिसलं नाही. ती रडत होती. वडीलही रडत होते. उजाडलं तशा मेणबत्त्या फिक्या पडल्या.

उपासनेनंतर तिथेच किटलीतून चहा वाटत असत. बायबलबाई कप घेऊन आमच्याकडे आल्या आणि कप आईच्या हातात दिला. आईने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात तिने कशातही काही कमी आहे असं म्हटलं नव्हतं. ते घाईघाईने उठले, धोतराला लागलेली माती तशीच ठेवून, किटलीवाल्याकडे साखर मागायला गेले.